हिरवा सरदार, उडालेलं मुंडकं आणि हरवलेलं हसू : 'द ग्रीन नाइट' (२०२१)

टिपूर (धागाकर्ता)

आधीच सांगतो, धाग्यात रहस्यभेद खच्चून भरलाय. शेवट, शेवटाच्या पुढचं, श्रेयनामावली संपल्यावरचं, सगळं येणार. ज्यांना कोऱ्या पाटीने बघायचाय त्यांनी बघून या, धागा कुठे पळून जात नाही.

डेव्हिड लॉवरीचा 'द ग्रीन नाइट' हा सिनेमा आला २०२१च्या जुलैअखेरीस. यायचा होता मे २०२०मध्ये, पण करोनाने वर्षभर लांबला आणि त्या सक्तीच्या सुट्टीत लॉवरीने संकलनाला पुन्हा हात घातला (संकलकही तोच). तेव्हा बघून मी भारावलो होतो, ओळखीच्या लोकांना गळ घालत सुटलो होतो. मधल्या काळात मूळ काव्य वाचलं, सायमन आर्मिटेजने आजच्या इंग्रजीत आणलेलं. परवा सिनेमा परत लावला आणि या वेळी काहीतरी खटकायला लागलं. ते काय, हे मांडायला हा धागा.

मूळ गोष्ट आधी सांगतो, नाहीतर पुढचं सगळं अधांतरी राहील.

'सर गवेन अँड द ग्रीन नाइट' हे चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं २५३० ओळींचं काव्य. आपल्याकडे ज्ञानेश्वरी सांगून झाल्याला तेव्हा साधारण शंभर वर्षं झाली होती. कवीचं नाव कुणालाच ठाऊक नाही. बोली इंग्लंडच्या वायव्य मिडलंड्सची, चेशर-स्टॅफर्डशरच्या बाजूची. प्रसिद्ध इंग्रज कवी चॉसर त्याच काळातला, पण तो वाचू शकणारे इंग्रजही इथे अडखळतात. हस्तलिखित जगात एकच. रॉबर्ट कॉटन नावाच्या संग्राहकाच्या ग्रंथालयात कपाटांवर रोमन सम्राटांचे अर्धपुतळे असायचे आणि पोथ्यांचे पत्ते त्यावरून ठरायचे. ही नीरोच्या कपाटातली, ए फळीवरची दहावी. १७३१ साली त्या संग्रहाला आग लागली, कितीतरी पोथ्या जळाल्या, ही वाचली. छापून आली थेट १८३९मध्ये. पुढे १९२५मध्ये टोल्किनने (हो, तोच 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाला) ई. व्ही. गॉर्डनबरोबर तिची आवृत्ती संपादित केली.

तर दंतकथांमधल्या राजा आर्थरच्या दरबारात नववर्षाची मेजवानी चाललीय. आर्थरला खोड अशी की सणाच्या दिवशी काहीतरी अचाट ऐकल्या-बघितल्याशिवाय तो पानावर बसत नाही. तेवढ्यात घोड्यासकट एक धिप्पाड माणूस दालनात शिरतो. कपडे हिरवे, दाढी हिरवी, कातडी हिरवी, घोडासुद्धा हिरवा. एका हातात हॉली या सदाहरित झुडपाची डहाळी, दुसऱ्या हातात कुऱ्हाड. म्हणतो, नाताळचे दिवस आहेत, एक खेळ खेळू. मला एक घाव घाला, वर्ष आणि एक दिवस उलटला की तसाच घाव मी परत घालणार. सगळे चिडीचूप. शेवटी आर्थरच उठतो, तेव्हा त्याचा भाचा गवेन पुढे होऊन म्हणतो, हे काम माझ्यावर सोपवा. एका घावात मुंडकं खाली. ते मेजवानीला बसलेल्यांच्या पायांत घरंगळत जातं आणि लोक चक्क पायाने ढकलतात! हिरवा सरदार चालत येतो, केसांना धरून मुंडकं उचलतो, घोड्यावर चढतो. हातातलं मुंडकं डोळे उघडून बोलतं: ठरल्या दिवशी हिरव्या चॅपलपाशी (छोट्या प्रार्थनाघरापाशी) ये.

वर्ष सरत आल्यावर गवेन निघतो. थंडीवाऱ्यात वेल्स आणि विरल पालथं घालून नाताळच्या तोंडावर एका गढीत पोचतो. यजमान दिलदार. तो एक करार सुचवतो: मी रोज शिकारीला जाईन, तू इथे आराम कर; संध्याकाळी मला जे मिळालं ते तुझं, तुला जे मिळालं ते माझं. तीन दिवस यजमान रानात आणि त्याची देखणी बायको सकाळी सकाळी गवेनच्या पलंगावर. पहिल्या दिवशी एक चुंबन, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन. गवेन संध्याकाळी इमानाने यजमानाला ती चुंबनं परत देतो, बदल्यात हरणं, रानडुक्कर आणि कोल्ह्याचं कातडं घेतो. फक्त शेवटच्या दिवशी बाईने दिलेला हिरवा पट्टा लपवतो, कारण तो बांधला की कुणी मारू शकत नाही म्हणे.

मग चॅपल. दोन घाव हवेतच थांबतात, तिसरा मानेला जेमतेम चाटून जातो. हिरवा सरदार म्हणजेच तो यजमान, बर्टिलाक. दोन हूल दोन दिवसांच्या प्रामाणिकपणाच्या, ओरखडा त्या पट्ट्याचा. तू जीव वाचवायला लपवलंस, फार मोठा गुन्हा नाही, असं म्हणून तो मोकळेपणाने हसतो. गवेन मात्र शरमेने मेल्यासारखा होतो, पट्टा कलंक म्हणून आडवा बांधून घरी येतो, भर दरबारात कबुली देतो. आणि दरबार काय करतो? खो खो हसतो. ठरवून टाकतो की आजपासून आपण सगळेच असा हिरवा पट्टा बांधायचा.

आता सिनेमा. गवेन (देव पटेल) अजून सरदारच झालेला नाही. नाताळच्या सकाळी कुंटणखान्यात जागा होतो, बूट सापडत नाहीत. आई (सरिता चौधरी) जादूटोणा करून हिरव्या सरदाराला स्वतःच बोलावते. राजा-राणी आजारी, थकलेले. वाटेत लुटारू, विनिफ्रेडचं भूत, दिगंबर राक्षसिणी, बोलका कोल्हा. गढीतला करार आहे, पण उरकल्यासारखा. शेवटी गवेन एका लांबलचक भासात आपलं पळून गेल्यानंतरचं सगळं आयुष्य बघतो, पट्टा सोडतो आणि म्हणतो, आता मी तयार आहे.

दिसायला अप्रतिम, शंका नाही. पण मूळ काव्यात माणूस चुकतो आणि त्याच्या चुकीवर चारचौघं प्रेमाने हसतात. सिनेमात हसणारं कुणी उरलेलंच नाही. तिथे गवेनला तरून जायला निष्कलंक व्हावं लागतं. सहाशे वर्षांपूर्वीचा कर्मठ ख्रिस्ती कवी आजच्या अमेरिकन दिग्दर्शकापेक्षा जास्त क्षमाशील निघाला, हे मला पचत नाहीये. तुम्हाला काय वाटतं?

खवचट_खार

मला वाटतं की मी पाऊण तासाने झोपलो. जाग आली तेव्हा एक कोल्हा बोलत होता. पुन्हा झोपलो.

अनवट

टिपूर, काव्याची ओळख झकास. पण निष्कर्षाशी कडाडून असहमत.

काव्यातला गवेन आधीच सर्वगुणसंपन्न आहे. त्याच्या ढालीवर पंचकोनी तारा आहे आणि कवी पाच गुणिले पाचचं गणित मांडून बसतो: पाच इंद्रियं, पाच बोटं, ख्रिस्ताच्या पाच जखमा, मेरीचे पाच आनंद, पाच सद्गुण. अशा माणसाला एक ओरखडा पडला तर दरबार हसणारच, कारण त्याला परवडतं. सिनेमातल्या गवेनकडे काहीच नाही. सुरुवातीचा प्रसंग आठव. राजा त्याला शेजारी बसवतो आणि म्हणतो, तुझी एखादी गोष्ट सांग. तो म्हणतो, माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. राणी म्हणते, अजून नाही. तूच लिहिलंयस की आर्थरला अचाट ऐकल्याशिवाय जेवण जात नाही. लॉवरीने ती खोड उचलली आणि तिचं ओझं पोराच्या मानेवर ठेवलं. गोष्ट हवी म्हणून हा मुंडकं उडवतो.

आणि उडवायची गरज होती का? हिरवा सरदार कुऱ्हाड खाली ठेवतो, गुडघे टेकतो, मान पुढे करतो. नियम सरळ आहे: जसा घाव द्याल तसाच परत मिळेल. गालावर ओरखडा काढला असता तर वर्षाने ओरखडा मिळाला असता. हा जोरात घाव घालतो कारण सगळे बघतायत. देव पटेलचा चेहरा बघ त्या क्षणी. मुंडकं पडल्यावर क्षणभर विजय, आणि ते उचललं गेल्यावर जो काही पोटात गोळा आलाय!

दुसरं, लुटारूंनी त्याला बांधून टाकल्यानंतर कॅमेरा रानात गोल फिरतो. सावकाश. परत त्याच्यावर येतो तेव्हा तिथे फक्त सांगाडा. कॅमेरा उलटा फिरतो आणि तो परत जिवंत, हात सोडवायला धडपडायला लागतो. एक शब्द नाही. एवढ्या एका चित्रणासाठी मी शंभर संवाद माफ करीन.

मृगजळ

काव्याच्या हसण्याबद्दल इतकं भरभरून लिहिलंस टिपूर, पण एक गोष्ट सोयीस्करपणे गाळलीस. हिरव्या सरदाराने सगळं उघड केल्यावर गवेन आधी काय करतो? बायकांवर घसरतो. बायबलमधल्या आदमला बाईने फसवलं, सॉलोमनला, सॅमसनला, डेव्हिडला; मग मी फसलो तर नवल काय. कमरेला पट्टा याने बांधला, लपवला याने, आणि खापर कुणावर? वर कळतं की सगळा डाव मॉर्गन ल फेचा, म्हणजे आर्थरच्या जादूगार सावत्र बहिणीचा; गढीत एक म्हातारी दिसते तीच ही. आणि हेतू काय, तर गिनिव्हिअर राणीला घाबरवून मारायचं. एवढा मोठा प्रपंच आणि कारण एवढंसं. कवीने दोन ओळींत उरकलंय, जणू त्यालाच ते पटलेलं नाही.

सिनेमाने इथे खरंच काहीतरी केलंय. आई हे सगळं घडवते, पण कुणाला मारायला नाही. बसून खाणाऱ्या पोराला घराबाहेर काढायला. ती डोळे बांधून तंत्र करत असताना तिकडे दरबारात हिरव्या सरदाराने आणलेली चिठ्ठी राणीच्या हातात जाते आणि राणीच्या तोंडून भलताच आवाज निघतो. कुठेही 'मी मॉर्गन' असं म्हणत नाही कुणी. आर्थरचंही नाव घेत नाहीत, फक्त राजा. सरिता चौधरी 'मिसिसिपी मसाला'त (१९९१) बघितलेली, तिला इथे इतक्या वर्षांनी या भूमिकेत बघून मस्त वाटलं. फार कमी बोलते आणि प्रत्येक दृश्य खाऊन टाकते.

आणि गवेनची कुंटणखान्यातली मैत्रीण एसेल! ती अलिशिया विकँडर, आणि गढीतली उमराव बाईही तीच. कुंटणखान्यातली मुलगी विचारते, मला तुझी बायको करशील का, आणि हा गप्प बसतो. तोच चेहरा रेशमी कपड्यात समोर आल्यावर हा विरघळतो. शेवटच्या भासात तिच्या कुशीतून बाळ उचलून नेतात आणि पलंगावर नाणी ठेवतात. या प्रसंगाला मूळ काव्यात काहीही आधार नाही आणि मला पूर्ण सिनेमात तोच सगळ्यात खरा वाटला.

टिपूर

@मृगजळ, मुद्दा मान्य, गवेनचं ते भाषण रटाळ आणि रडकं आहे. पण कवी त्याच्या बाजूने आहे असं मला वाटत नाही. आत्ताच त्या बाईसमोर तीन दिवस गोड गोड बोलणारा हा सभ्य सरदार रंगेहाथ पकडला गेल्यावर जगातल्या सगळ्या बायकांना शिव्या घालतो, हे हास्यास्पद दिसावं म्हणूनच तिथे ठेवलंय. समोर हिरवा सरदार कुऱ्हाडीवर रेलून उभा आहे आणि त्याला मजा वाटतेय.

@अनवट, सांगाड्याच्या चित्रणाबद्दल दुमत नाही. पण तू 'त्याला परवडतं' म्हणालास तिथेच मेख आहे. सिनेमात कुणालाच काही परवडत नाही.

आणखी एक. काव्यातला हिरवा सरदार देखणा आहे. जरीचे काठ, फुलपाखरं भरलेला वेश, घोड्याच्या आयाळीत सोन्याचे धागे गुंफलेले. अंगात चिलखत नाही, सणाला आल्यासारखा नटून आलाय. भीती वाटते ती त्याच्या रुबाबामुळे. सिनेमात तो झाडाच्या खोडातून कोरल्यासारखा. राल्फ इनेसनचा आवाज लाजवाब, पापण्या हलतात तेव्हा साल करकरते. पण मग तो निसर्ग झाला, मृत्यू झाला, काय काय झाला. यजमान राहिला नाही. खेळ मांडणारा माणूस राहिला नाही.

खडूस_आजोबा

मुंडकं उडाल्यावर धड चालतं यात एवढं नवल ते काय? पुरंदरावर १६६५ साली मुरारबाजींचं शिर पडल्यावर धड लढत होतं असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. घटोत्कचाचा बर्बरिक तर नुसत्या शिराने अख्खं कुरुक्षेत्र बघत बसला. आपल्याकडे सगळं आधीच होतं.

खवचट_खार

आजोबा आले. आता धागा दोनशे पार.

अनवट

आजोबा, मुरारबाजींच्या आख्यायिकेत शौर्य आहे, म्हणजे शिर गेलं तरी कर्तव्य सुटत नाही. इथे मुंडकं उडणं हा करार आहे, उधारी आहे. जात वेगळी.

आणि 'आधी कुठे' हेच बघायचं तर आयर्लंडला जावं लागेल. ब्रिक्रूच्या मेजवानीची जुनी आयरिश कथा आहे, त्यात हाच खेळ. एक राक्षसी गडी येतो, म्हणतो आज तुम्ही माझं मुंडकं उडवा, उद्या मी तुमचं. बाकीचे वीर दुसऱ्या दिवशी तोंड लपवतात, कू हुलिन एकटा मान ठेवतो. गडी कुऱ्हाड उलटी करून आणतो आणि त्याला सर्वश्रेष्ठ ठरवतो. योगायोग असा की लॉवरीने सिनेमाचं चित्रीकरण आयर्लंडमध्येच केलं, केहिर किल्ला वगैरे. म्हणजे गोष्ट फिरून माहेरी गेली.

खडूस_आजोबा

उधारीचा मुद्दा चांगला आहे. बाकी सिनेमा बघितलेला नाही, नातवाला लावून द्यायला सांगतो.

मृगजळ

आजोबा, नातवाला लावून द्यायला सांगा आणि मग त्याला खोलीबाहेर पाठवा. पट्ट्याचा प्रसंग आजोबा-नातवाने एकत्र बघण्यासारखा नाही.

मँचेस्टरी_पाऊस

धागा वाचून राहवलं नाही. हिरवं चॅपल नेमकं कुठलं यावर अभ्यासकांचे वाद आहेत, पण राल्फ एलियट या भाषाभ्यासकाने लड्स चर्चचं नाव पुढे केलं आणि तेव्हापासून तेच बहुतेकांच्या तोंडी आहे. स्टॅफर्डशरमध्ये, पीक डिस्ट्रिक्टच्या नैर्ऋत्य टोकाला. कवीच्या बोलीचा मुलूखही हाच. आमच्या इथून गाडीने सहज जाऊन येण्यासारखं, त्यामुळे इथला मराठी कंपू पाहुणे आले की त्यांना तिकडे हाकलतो.

चर्च म्हणजे इमारत शोधू नका. ग्रॅडबाकहून बॅक फॉरेस्टमधून चालत जायचं. वाटेवर पाटी नसती तर ती फट दिसलीही नसती. डोंगर चिरल्यासारखी भेग, लांबी शंभरेक मीटर, खोली अठराच्या आसपास. आत दोन माणसं शेजारी शेजारी जेमतेम मावतात. दोन्ही भिंतींवर शेवाळ आणि नेच्यांचे झुबके, बोट ठेवलं की पाणी ओघळतं. वर उन्हाळा असला तरी खाली स्वेटर लागतो. पायाखाली काळा चिखल, सूर्य फक्त दुपारी थोडा वेळ डोकावतो. सह्याद्रीतल्या घळी बघितलेल्यांना आकाराचं कौतुक वाटणार नाही, सांधण बघून आलेला माझा भाऊ म्हणाला, 'एवढंच होय?' पण हिरवा रंग मात्र असा की कपड्यांवरही हिरवी झाक पडते.

तिथे उभं राहून काव्यातला आवाज वाचा. गवेनला सरदार दिसत नाही, आधी फक्त ऐकू येतं: ओढ्यापलीकडे कुणीतरी कुऱ्हाडीला धार लावतंय, कोयता सहाणेवर घासल्यासारखी. त्या भेगेत साधी शिंक दिली तरी घुमते, तिथे तो आवाज म्हणजे विचार करा. सिनेमात चॅपल पडकं, वेलींनी गिळलेलं, सरदार बसल्या जागी निद्रिस्त, गवेन समोर रात्रभर वाट बघत बसतो. तेही छान आहे. पण मला तो धारेचा आवाज हवा होता.

टिपूर

@मँचेस्टरी_पाऊस, वा! हेच तर. धार लावून झाल्यावर तो गडी कुऱ्हाडीचा दांडा टेकवून ओढा उडी मारून पार करतो. मरण द्यायला निघालेला माणूस आणि चालण्यात केवढा उत्साह! आणि तिसऱ्या घावानंतरचं: गवेनला बर्फावर आपलं रक्त दिसतं, म्हणजे घाव झाला, म्हणजे हिशेब मिटला. हा पठ्ठ्या टुणकन उडी मारतो, शिरस्त्राण घालतो, तलवार उपसतो आणि ओरडतो की बस, एकच ठरला होता, आता परत वार केलास तर बघ. कवी म्हणतो, आईच्या पोटातून आल्यापासून तो इतका आनंदात कधीच नव्हता. याच्यात जो जिवंत माणूस आहे तो मला देव पटेलच्या सगळ्या ओल्या, उदास डोळ्यांत सापडला नाही.

सुरीपाटी

उशिरा येतोय. मांस खाणाऱ्यांच्या वतीने एक तक्रार. सिनेमाने शिकार जवळजवळ कापूनच टाकली. काव्याच्या तिसऱ्या भागात पहिल्या दिवसाची हरणं सोलण्याचं जे वर्णन आहे ते खाटकाने लिहिल्यासारखं आहे. मेलेल्या हरणांची चरबी आधी मोजतात. सगळ्यात मरतुकड्या जनावरावरही दोन बोटं चरबी निघते. मग गळ्यापासून चिरणं, पाय वेगळे करणं, आतडी काढणं, फासळ्या सोडवणं, सगळं क्रमाने. कुत्र्यांना पाव रक्तात भिजवून तिथेच कातड्यावर घालतात. कावळ्यांचा वाटासुद्धा झुडपात फेकतात, तो त्यांचा हक्क.

आणि हे चालू असताना कवी मधेच दृश्य बदलून आपल्याला पलंगापाशी नेतो, तिथे बाई गवेनला घेरतेय. परत रान, परत पलंग. डुकराच्या दिवशी समोरासमोर झुंज, पलंगावरही बोलणं आमनेसामने. कोल्ह्याच्या दिवशी कोल्हा हूल देत पळतो आणि त्याच दिवशी गवेन लबाडी करतो. इतकं चपखल समांतर संकलन कागदावर करून ठेवलेलं असताना, स्वतः संकलक असलेल्या दिग्दर्शकाने ते सोडलं? मला तर हे सगळ्यात मोठं कोडं वाटतं.

अनवट

@सुरीपाटी, हे मात्र पटलं. बचाव एवढाच की लॉवरीला शिकार बाहेर नको होती, गवेनच सावज हवा होता. म्हणून कोल्हा सावज न राहता सोबती झाला. पण तीन दिवसांची चढती भाजणी गेल्यामुळे गढीचा भाग विस्कळीत वाटतो हे खरं. यजमान (जोएल एजर्टन) वाटेत गाठून एक चुंबन वसूल करतो, तेव्हा काव्य न वाचलेल्या माणसाला ते कुठून आलं तेच कळत नाही. माझ्या बायकोने सिनेमा थांबवून विचारलं होतं.

बाईचं हिरव्या रंगावरचं भाषण मात्र त्याच भागातलं आणि ते मी पाठ करायला तयार आहे. वासना लाल असते आणि ती ओसरल्यावर मागे हिरवं उरतं, तुमच्या पाऊलखुणांत गवत उगवणार, थडग्यावर शेवाळ चढणार, अशा अर्थाचं. मँचेस्टरी_पाऊसने लिहिलेल्या त्या भिंती वाचून तेच आठवलं.

ओंजळ

विनिफ्रेडबद्दल कुणीच लिहिलं नाही? मला तोच तुकडा सगळ्यात आवडला.

वेल्समध्ये होलीवेल नावाच्या गावात तिची विहीर खरोखर आहे, मध्ययुगापासून तिथे यात्रा भरते. कथा अशी की कॅराडोग नावाच्या सरदारपुत्राला तिने नकार दिला, त्याने तिचं शिर उडवलं, शिर पडलं तिथे झरा फुटला आणि तिच्या मामाने, संत बोयनोने, शिर परत जोडून तिला जिवंत केलं. काव्यात गवेन ज्या वाटेने जातो ती या भागातूनच जाते, पण ती स्वतः काव्यात नाही. लॉवरीने वाटेवरची देवी उचलून गोष्टीत घेतली, आणि सिनेमात तिला जोडणारा मामा काही आलेला नाही. शिर अजून पाण्यातच आहे.

ती गवेनला म्हणते, माझं शिर तळ्यातून काढून दे. तो विचारतो, मी काढून दिलं तर तू मला काय देशील? ती नुसती बघते आणि म्हणते, असं का विचारतोस? बस. त्या एका प्रश्नात याचं सरदारपण किती कच्चं आहे ते कळतं. नंतर तो बुडी मारतो, शिर आणतो, बिछान्यातल्या सांगाड्याजवळ ठेवतो, आणि हरवलेली कुऱ्हाड परत मिळते.

दुसऱ्याचं मुंडकं उडवून निघालेल्या माणसाला वाटेत एक मुंडकं नसलेली मुलगी भेटावी, हे मूळ कवीला सुचलं असतं तर त्यानेही घातलं असतं.

टिपूर

@ओंजळ, सुंदर. याच जातीचा अजून एक धागा सिनेमात आहे. रणांगणावर मढी चाचपणारा तो लुटारू पोरगा (बॅरी किओगन, काय अंगावर येतो!) म्हणतो की तुझ्या राजाने एकट्याने ९६० माणसं मारली. हा आकडा नवव्या शतकातल्या 'हिस्टोरिया ब्रिटोनम' या लॅटिन इतिहासग्रंथातला आहे, आर्थरच्या बॅडनच्या लढाईतला. तिथे तो पराक्रम म्हणून सांगितलाय; सिनेमात तोच आकडा प्रेतांच्या बाजूने ऐकू येतो. लॉवरीने अभ्यास केलाय यात वाद नाहीच.

मावळतीकर

हौशी माहिती: याच काव्यावर स्टीफन वीक्सने दोनदा सिनेमा केला, १९७३ आणि १९८४. दुसऱ्यात शॉन कॉनरी हिरवा सरदार आहे, चमकी लावलेला. बघू नका, किंवा मित्र जमवून बघा.

अनवट

टिपूर, हसण्याचा मुद्दा तू सोडत नाहीस म्हणून शेवटाकडे येतो.

भासात गवेन पळतो, राजा होतो, बाळ विकत घेतो, मुलगा लढाईत मरतो, लोक त्याच्यावर थुंकतात, शत्रू दाराशी येतो. जवळजवळ सगळं मुक्याने. पट्टा आयुष्यभर अंगावर. तो ओढून काढतो तेव्हा मुंडकं गळून पडतं, म्हणजे ते कधीचंच उडालेलं होतं. मग परत चॅपल. हा विचारतो, एवढंच? सरदार म्हणतो, आणखी काय असायला हवं होतं? हा पट्टा काढून बाजूला ठेवतो. आणि मग तो लाकडी राक्षस गुडघ्यावर येतो, पोराच्या गालाला हात लावतो, म्हणतो शाब्बास माझ्या शूर सरदारा. आणि गळ्यावरून बोट फिरवत, जवळजवळ हसत, 'आता चला, मुंडकं!'

ते बोट परत बघ. आजोबा नातवाला 'नाक कापून घेऊ का' म्हणतात तसं आहे ते. तुझ्या काव्यातलं हसू इथे आहे. सगळा सिनेमाभर दाबून ठेवलंय आणि शेवटच्या वाक्याला सोडलंय. 'सरदार' ही पदवीही त्याला तिथेच मिळते, राजाकडून नाही.

टिपूर

आत्ताच शेवटची दहा मिनिटं परत लावून बघितली. बोट आहे, आणि इनेसनचा आवाज खरंच मऊ झालाय. एवढं मी तुला देतो.

पण दरबार? मला बर्टिलाकचं एकट्याचं हसू पुरत नाही, कारण तो तर खेळातला भिडू. काव्यात खरी गंमत घरी परतल्यावर आहे. ज्यांच्यासमोर नाक कापलं गेल्यासारखं वाटतंय तेच लोक म्हणतात, अरे, आण तो पट्टा इकडे, आम्ही पण बांधतो. सिनेमा चॅपलमध्येच संपतो, तिथून गवेन घरी गेला की नाही तेही सांगत नाही. श्रेयनामावलीनंतर एक लहान मुलगी जमिनीवरचा मुकुट उचलून डोक्यावर ठेवते, बस. ती याची मुलगी असेल तर हा जगला. नसेल तर नाही.

मृगजळ

मुलगीच आहे त्याची. एसेलपासून झालेली, आणि या वेळी बाळ कुणी उचलून नेलेलं नाही.

खवचट_खार

श्रेयनामावलीनंतरही काही होतं?? थांबा, परत लावतो.